एकताचा मामा

मोलगीच्या बाजारात डोंगरावरून उतरलेला प्रत्येक आदिवासी पुरुष मामा असतो. नाव विचारायची तसदी कोण घेतो? ‘ये मामा’ म्हटलं की गिऱ्हाईक खूश, मिठाच्या पुडीबरोबर नातं फुकट. पण इंद्रसिंग पावराला वाटायचं, बाकीचे म्हणण्यापुरते मामा, आपण खरे.

तसं वाटायला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी दुकानदार अमृतलालची बायको इचरजबाई बाळंतपणात अडली आणि जीप नेमकी घाटात बंद पडली. तेव्हा इंद्रसिंगनं आपल्या भावकीतली माणसं जमवली, बांबूला झोळी बांधली आणि तिला खांद्यावरून दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली, एकता. इचरजबाई त्याचा हात धरून रडली. “तू मन्हा भाऊ शेस. आते ह्या पोरना मामा तू.” तिला सख्खा भाऊ नव्हता.

पुढे एकदा गल्ल्यावर बसल्या बसल्या तिनंच त्याला मारवाड्यांतल्या मायऱ्याची रीत सांगितली. मुलीच्या लग्नात आईचा भाऊ आहेर घेऊन येतो. बहीण दारात पाटावर उभी राहते आणि भाऊ तिच्या डोक्यावर चुनरी घालतो.  “मन्हासाठे चुनरी कोन आनी?”

“मी आनसू,” इंद्रसिंग म्हणाला.

“आनजो, भाऊ.”

ती विसरली असेल. इंद्रसिंग नाही विसरला. एकताचं लग्न ठरलं, तसा अमृतलाल दुकानात येईल त्याला सांगू लागला, “मामा, लगीनले येजो.” इंद्रसिंगनं तळोद्याहून सोनेरी गोट्याची किनार लावलेली लाल चुनरी आणली. त्याची बायको तुळशीबाई ती घडी उलगडून बघत राहिली, मग म्हणाली, “बाजारातलं नातं बाजार उठला की उठतं.” बायको कडू बोलते, असं म्हणून त्यानं चुनरी पिशवीत घातली, धुतलेला फेटा बांधला आणि जीप, मग बस करत नंदुरबार गाठलं.

मंगल कार्यालयाच्या दारात पाट मांडलेला होता. इचरजबाई नटूनथटून शेजारी उभी.  इंद्रसिंगनं पिशवीत हात घातला, तेवढ्यात अमृतलाल मोठ्यानं म्हणाला, “या मामाजी, या!”

इंद्रसिंग पुढे झाला. अमृतलाल त्याच्या अंगावरून पलीकडे गेला. मागे राजस्थानातल्या पालीहून आलेला रूपचंद उभा होता, इचरजबाईचा लांबचा चुलतभाऊ. तिच्या लग्नानंतर त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याला गंध लागला, हार पडला. “मामाजी, असे या. मामाजी, बसा.” मग अमृतलालची नजर इंद्रसिंगवर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, हेच वाईट.

“ए मामा! बरं व्हयनं तू उना. ते पाण्याचे जार वर चढाव.”

इंद्रसिंगनं इचरजबाईकडे पाहिलं. तिनंही त्याला पाहिलं, त्याच्या पिशवीतून डोकावणारा लाल काठही पाहिला. आणि पदर पुढे ओढून रूपचंदापुढे पाटावर चढली.

त्यानं जार चढवले. लग्नघरी कामाला नाही म्हणू नये, आपल्याकडेही मामा राबतोच, अशी तो स्वतःची समजूत घालत होता. जिन्यावरून त्यानं दुसऱ्याच्या हातची चुनरी इचरजबाईच्या डोक्यावर पडताना पाहिली. मग त्याला समजूत घालता येईना. न जेवता तो निघाला.

पुढच्या बाजाराला गल्ल्यावर इचरजबाईच होती. “राग उना का रे, भाऊ?” ती हलक्या आवाजात म्हणाली. “चार लोकं व्हतात तठे. मी काय करू?”

“भाऊ म्हनू नको,” तो म्हणाला. “मामा बी नको. इंद्रसिंग म्हन.”

इचरजबाई त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत ओशाळलेपण नव्हतं, निव्वळ आश्चर्य होतं.

“तुन्हं नाव इंद्रसिंग शे का?”

बावीस वर्षं. त्याला तिच्या लेकीची रास ठाऊक होती. तो वळला आणि पलीकडच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. तिथल्या माणसानं हसून तराजू पुढे ओढला.

“बोल मामा, काय देऊ?”

घरात मीठ संपलं होतं. इंद्रसिंगनं पिशवी पुढे केली.