लॅपटॉपमधून काढलेल्या कार्डाचा सूड

मित्रांनो, मी एक जुनं वायरलेस कार्ड आहे आणि मला अजून राग आहे. आत्मवृत्त सांगणारे सहसा शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. जुनी छत्री माफ करते, फुटकी घागर माफ करते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

दोन बोटांएवढी हिरवी पट्टी, अंगावर सोनेरी टोकं, एवढाच माझा देह. लॅपटॉपच्या पोटात मला बसवलं आणि एक काळी, एक पांढरी अशा दोन बारीक वायरी डोक्यावर टोचल्या. हवेतून येणारं इंटरनेट पकडायचं आणि लॅपटॉपला द्यायचं, हे माझं काम. २००६ साली पनवेलच्या फारूकने तो लॅपटॉप कुवेतमध्ये घेतला. एका खोलीत सहा माणसं राहत. दर शुक्रवारी नमाजानंतर फारूक पलंगावर मांडी घालून बसे आणि इकडे पनवेलला त्याची लेक रिदा सायबर कॅफेत जाऊन बसे. तिची नवी सायकल, दहावीचा निकाल, नवा चष्मा, सगळं त्याने माझ्यामार्फत पाहिलं. पाच वर्षांत मी एकही शुक्रवार चुकवला नाही.

२०११ला फारूक सुट्टीवर आला तेव्हा लॅपटॉप त्याने रिदाला दिला. घरात इंटरनेटची लाईन घेतली आणि कुवेतहून आणलेला राउटर शोकेसवर ठेवला. तो असेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. त्याची सुट्टी संपली, तो परत गेला आणि आठवड्याभरात चित्र अडकायला लागलं. फारूकचं तोंड उघडं राही आणि आवाज गायब होई. मी जीव तोडून ओढत होतो, पण हातात काही येतच नव्हतं. घरातले म्हणायचे, "लॅपटॉपचं नेट भिकार आहे." म्हणजे मीच की!

वर्ष असंच गेलं. मग रिदाचा निकाह ठरला. फारूकला कंपनीने सुट्टी नाकारली. निकाहात लेकीच्या बाजूने तिचे मामू वकील, म्हणजे तिचा होकार काझींपर्यंत नेणारे, म्हणून उभे राहणार होते, तेव्हा रीतीला काही अडचण नव्हती. पण रिदाने सांगून टाकलं, "अब्बा समोर दिसल्याशिवाय मी कबूल बोलणार नाही. मग वरात परत गेली तरी चालेल." तिची आई गुलशन हादरली. तिला माहीत होतं, पोरगी बापासारखीच हट्टी आहे.

निकाहाच्या दोन दिवस आधी लॅपटॉप पनवेलच्या लाईन आळीत, कुमारच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. मित्रांनो, हा माणूस नीट लक्षात ठेवा. त्याने मला एकदाही चालू करून पाहिलं नाही. स्क्रू काढले, माझ्याकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाला, "भाभी, हे कार्ड आउटडेटेड आहे. सिग्नलच पकडत नाही. नवीन टाकू, एकदम मख्खन चालेल." माझ्या डोक्यावरच्या वायरी त्याने नखाने उपटल्या. माझ्या जागी एक चकचकीत कार्ड बसवलं, दुकानातल्या नेटवर लावून दाखवलं आणि सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरल्या. त्या तर माझ्यावरही भरल्या असत्या! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्याच क्षणी मी ठरवलं, चार माणसांत या कुमारचं नाक कापलेलं पाहीन, तेव्हाच शांत होईन.

गुलशनने मला फेकलं नाही. ती आपटा गावची, बोलीही तिकडचीच. "कुवेतची वस्तू हाय, फेकायची नाय," म्हणत तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. गल्फमधून आलेलं सगळं तिथेच राहायचं: परदेशी साबण, कप-बशा, घड्याळं, अत्तराच्या बाटल्या. पाहुणे आले की बाहेर, गेले की आत, किल्ली कमरेला. दार बंद झालं, अंधार झाला आणि माझ्या शेजारी एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसला.

तो राउटर होता! फारूक गेल्यावर शेजारची पोरं हात लावतात म्हणून गुलशनने तोही कपाटात ठेवला होता. वायरी दाराच्या फटीतून आत घेतल्या होत्या. वर्षभर त्या लोखंडी पेटीत बिचारा गुदमरत होता आणि शिव्या मात्र मी खात होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी अंधारात पोटभर हसलो. म्हटलं, आता नवं कार्डही आपटणार.

आणि आपटलंच. शुक्रवारी खाली मंडपात काझीसाहेब बसले. वायरींच्या फटीतून मला समोरचा हॉल दिसत होता. तिथे रिदाला नटवून बसवलं, समोर लॅपटॉप, लॅपटॉपपाशी कुमार. पडद्यावर फारूकचा अर्धा कान दिसत होता, तोही अडकलेला. मामू आणि दोन साक्षीदार होकार घ्यायला वर आले. रिदाने नुसतं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. कुमार म्हणाला, "लाईन स्लो आहे, मी काय करू?" वरपक्षाच्या बाया कुजबुजायला लागल्या. मला आनंद झाला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग रिदाचा हुंदका ऐकू आला. तिकडे सहाजणांच्या खोलीत फारूक नवा शर्ट घालून बसला असेल, हे माझ्या मनात आलं. त्या माणसाशी माझं काही वैर नव्हतं. उघड की दार, बाई, असं मी ओरडलो. पण पिशवीतल्या कार्डाचं कोण ऐकणार?

खोळंबलेल्या पाहुण्यांना अत्तर द्यावं म्हणून गुलशन आत आली. तिने कपाट उघडलं. त्याच क्षणी हॉलमधून आवाज आला, "रिदा, बेटा!" आणि रिदा किंचाळली, "अब्बा!" गुलशनने सवयीने धाडकन दार लावलं आणि धावली. आवाज बंद. अत्तर राहिलंच म्हणून ती परत आली, दार उघडलं. पुन्हा "बेटा!" कुमार बाहेर छाती काढून सांगत होता, "मी सेटिंग बदललं ना, म्हणून आलं!"

गुलशन दाराशी थबकली. तिने दार हळूच लोटलं. फारूक गेला. हळूच उघडलं. फारूक आला. मग ती मोठ्याने म्हणाली, "कुमारभाऊ, आता मी दार लावते हां. तू तुझं सेटिंग लाव."

मामू, साक्षीदार, वरपक्षाच्या बाया, सगळ्यांची मान कपाटाकडे वळली. कुमार लॅपटॉपमागे तोंड लपवायला लागला. ते तोंड मी डोळे भरून पाहिलं.

राउटर बाहेर काढायला गुलशनने हात घातला, तर रिदा ओरडली, "अम्मी, हात नको लावू! बंद पडेल!" ते जुनं दार आपोआप मिटायचं. म्हणून गुलशन त्याला पाठ लावून तिथेच उभी राहिली. एकुलत्या लेकीचा निकाह तिने पाहिला नाही, नुसता ऐकला. मामूंनी विचारलं, फारूकने दुआ दिली आणि रिदा म्हणाली, "कबूल." गुलशनने पदरात तोंड लपवलं. मग पिशवीतून मला काढलं, अंगठ्याने पुसलं आणि पुटपुटली, "तुझा काय गुन्हा नव्हता रे."

बिर्याणी खाऊन झाल्यावर कुमार आला. "भाभी, जुनं कार्ड द्या ना. चांगलं आहे, दुसऱ्या कुणाला बसवतो."

"आता चांगलं झालं काय?" गुलशन म्हणाली आणि मला मुठीत घट्ट धरलं.

मित्रांनो, कुणाला निकामी ठरवण्याआधी एकदा त्याला नीट चालवून तरी बघा. रिदा माहेरी आली की सांगते, कुमार हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "राउटर कुठे ठेवलाय?" ऐकून बरं वाटतं. गुलशनला मी त्याच दिवशी माफ केलं. कुमारला अजून नाही.