पोत्याचा वास

डब्याची कडी खट्कन लागली आणि इला जागी झाली. रक्षा ओट्याजवळ तशीच थबकली. पोरगी आणखी घटकाभर झोपली असती, तर शेजारच्या छायाताईंकडे ठेवून निघता आलं असतं.

"आज रविवार हाय ना? मी येतो तुह्यासंग."

"तिथं काय हाय पाह्याले?"

"चिंगी घरी जाणार हाय ना आज. तूच तं सांगतलं."

बोरगाव मेघेहून पवनारपर्यंत इला स्कूटीवर पुढं उभी राहून गात होती. धाम नदीच्या काठावरच्या छोट्याशा प्राणिसंग्रहालयात रक्षा पाणमांजरांची देखभाल करायची. आज मात्र रस्ता संपूच नये असं तिला वाटत होतं.

पाणमांजरं कुटुंब करून राहतात. आईबाप, मोठी भावंडं, पिल्लं, सगळी एकमेकांच्या अंगावर लोळून एकाच वासाची होतात. चिंगी त्यातलंच एक पिल्लू. पायाला टाके पडले म्हणून तिला शेजारच्या पिंजऱ्यात वेगळं ठेवलं होतं. अशा वेळी रोज संध्याकाळी कुटुंबानं लोळलेलं पोतं पिल्लाला द्यायचं, पिल्लाचं कुटुंबाला. वास जुळून राहिला की आपलं म्हणून परत घेतात. नाहीतर परकं समजून चावतात. रक्षाला हे पक्कं ठाऊक होतं.

पण त्या पोत्याचा वास कितीही साबण लावा, हाताला राहायचाच. एका संध्याकाळी वरणभाताचा घास पुढं केला, तर इलानं तोंड फिरवलं. "शी! सडक्या मासोळीचा वास येते. मले छायामावशीच भरवंल."

दुसऱ्या दिवशी रक्षानं पोत्याला हात लावला नाही. एका दिवसानं काय होते, असं स्वतःशीच म्हणाली. त्या रात्री इला तिच्या हातून जेवली, बोटंसुद्धा चाटली. मग पुढच्या दिवशीही पोतं तसंच राहिलं. मग टाके सुकेपर्यंत राहिलंच.

"आली का आमची छोटी साहेबीण!" पुंडलिकराव फाटकाशीच उभे होते. इथले सगळ्यात जुने कर्मचारी. "चाल, चिंगीले सासरी नाई, माहेरी धाडू."

इला खुदकन हसली. पिंजऱ्यांशी आल्यावर त्यांनी मधलं सरकतं दार वर ओढलं.

चिंगी शीळ घालतच धावली. अगदी लाडात. तिची आई पुढं आली, मान लांबवून तिनं पिल्लाला हुंगलं, पुन्हा हुंगलं. अंग ताठ केलं. आणि किंचाळली. त्यासरशी मोठी भावंडं तुटून पडली. चिंगी पाठीवर उलटी होऊन ओरडत होती, आई बाजूला उभी होती. पुंडलिकरावांनी मधे फळी घातली, रक्षानं मानेला धरून पिल्लू बाहेर ओढलं. कानामागून रक्त येत होतं. हातमोज्यातही चिंगीची थरथर कळत होती.

"पोतं बदलवत होती ना तू रोज?"

"हो काका."

किती पटकन निघालं तोंडातून.

"मंग हिच्यातच काई खोट हाय." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "तू बदललं नसतं तं म्हटलं असतं, चाल, अजून पंधरा दिवस वास जुळवू. आता काय जुळवता? डॉक्टरसाहेबाले सांगतो, दुसरीकडं धाडा म्हणा. एकटी तं एकटी, जगंल बिचारी."

एकटं पाणमांजर कसं जगतं ते रक्षानं पाहिलं होतं. दिवसभर जाळीशी शीळ घालतं, उत्तर येत नाही, मग शीळही बंद होते.

पुंडलिकराव ऑफिसकडे निघाले. "काका," ती म्हणाली. ते थांबले, वळले. "काय वं?"

इला तिच्या ओढणीआडून पुढं आली. चिंगीकडे बघत राहिली, मग आईकडे. डोळे भरलेले.

"तिनं काय केलतं, आई? तिले काऊन मारलं?"