उतरता आकडा

फुकटात रक्त तपासून देतो म्हणणाऱ्याकडे पुण्यात जसं बघतात, तसंच शर्मिला डॉक्टर राजनंदिनींकडे बघत होती. शनिवार पेठेतल्या त्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या स्नायूंवर काही संशोधन चाललं होतं. आईला, प्रेमलाबाईंना, तिथे जायचंच होतं. शर्मिला आली होती ती राखण करायला.

तिचे वडील भीमराव गेल्यापासून तिचा कशावर विश्वास बसत नव्हता. टेलिफोन खात्यातला तो ताठ माणूस, निवृत्तीनंतर बायकोला घेऊन हिंजवडीला धाकट्या मुलाकडे राहायला गेला आणि बघता बघता वाळला. एक दिवस खुर्चीतून उठताना पडला, खुबा मोडला, पुन्हा उठलाच नाही. शेवटी दवाखान्यात शर्मिलाने त्यांचा दंड हातात धरला, तेव्हा कातडीखाली काही लागलंच नाही. भावाच्या घरी एकदा तिने बाबांच्या ताटातली डाळ पाहिली होती. नुसतं पिवळं पाणी. बाबा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम संपल्यावर तिने भावजयीला बाजूला घेऊन विचारलं, "पूर्वा, बाबांना जेवायला काय द्यायचीस?"

"मागतील ते," पूर्वा म्हणाली आणि खुर्च्या आवरायला गेली.

त्याच आठवड्यात शर्मिलाने आईला आपल्या घरी आणलं. आईचा जीव नातवात, आयुषमध्ये अडकलेला. ती रोज विचारायची, मी परत कधी जाऊ? शर्मिला म्हणायची, बघू. जिथे एकाला उपाशी मारलं तिथे दुसरीला पाठवायची नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी आईच्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. "जोरात दाबा, आजी."

"धुणं पिळायचं सुटलं म्हणून आता हे का?" आईने दाबलं. काटा जेमतेम हलला.

"आता खुर्चीतून उठा. हात न टेकता."

"हात मग दिलेत कशाला?" म्हणत आईने गुडघ्यांवर हात टेकलेच.

रक्त काढताना शर्मिलाने विचारलं, "ह्या रक्ताचं पुढे काय करता?"

"वयानुसार स्नायू झिजतात, ते रक्तावरून आधी कळेल का, हे शोधतोय."

"आणि मग औषध विकणार."

"विकण्यासारखं अजून काही हाती लागलं नाही हो."

"लागलं की विकणार."

"आपण वकील आहात का?"

"ग्रंथपाल."

"तरीच," डॉक्टर हसल्या आणि त्यांनी आईचे जुने रिपोर्ट मागितले.

आईने पिशवीतून ते अभिमानाने काढले. "क्रिएटिनिन बघा माझं. किती कमी! ह्यांचं तर दर खेपेला उतरायचं. किडनी पोरासारखी झाली म्हणून पेढे आणायचे."

डॉक्टरांचं हसू थांबलं. "ते जेवायचे काय?"

"काय जेवणार! ह्यांचे खात्यातले मित्र आप्पासाहेब डायलिसिसवर गेले, तेव्हापासून ह्यांनी धसका घेतला. अंडी बंद, मटण बंद, डाळीचं वरचं पाणी तेवढं घ्यायचे. पूर्वा घट्ट डाळ वाढायला गेली की ताट सरकवायचे. माझ्या किडनीवर उठलीस का, म्हणायचे. मग मीही सोडलं सगळं."

"आई, हे मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तू म्हणालीस, सुनेला पाठीशी घालू नकोस."

डॉक्टर जपून बोलल्या. "क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. किडनी बिघडली की ते साठतं, आकडा चढतो. पण स्नायूच कमी झाले तरी आकडा उतरतो. चढला की सगळे घाबरतात, उतरला की कुणी विचारत नाही."

"म्हणजे बाबा..."

"ज्यांना मी पाहिलं नाही, त्यांच्याबद्दल सांगणार नाही. मटण सोडलं तरी आकडा थोडा उतरतो. म्हणून आम्ही जोडीला दुसरी एक चाचणी करतो, तिचा स्नायूंशी फारसा संबंध नसतो. दोन्ही ताडून बघायचे, वर पकड बघायची. आईंचा रिपोर्ट येऊ दे, मग किती डाळ खायची ते ठरवू. पण असं घाबरून सोडायचं नाही."

शर्मिलाचा संशय बसायला जागा शोधत राहिला. पूर्वावरून उठला, रिपोर्ट देणाऱ्या लॅबवर बसला, बिचाऱ्या आप्पासाहेबांवरही त्याने बसून पाहिलं. शेवटी जिथे टेकला, तिथे तिला तो ठेवता येईना. बाबा तर घरी फोटोत होते, हार घातलेले.

आई कठडा धरून एकेक पायरी उतरली. खाली आल्यावर शर्मिलाने पूर्वाला फोन लावला.

"पूर्वा, बाबा काय मागायचे?"

पलीकडे ऑफिसातला गलका. मग पूर्वाचा आवाज. "डाळीचं पाणी. सवड झाली विचारायला, ताई?"

"आई रविवारी येतेय. राहायलाच."

"बरं. घट्ट डाळ करते. तपासायला तुम्ही येणारच असाल."

"येते," शर्मिला म्हणाली. "मलाही वाढ."

फोन ठेवला, तेव्हा आई तिच्याकडे बघून हसत होती. शर्मिलाही हसली. पण रविवारी त्या घरात पाऊल टाकल्यावर आपण आधी पातेल्यावरचं झाकण उचलून बघणार, हे तिला माहीत होतं.