शिवलेला शेवट

शिंप्याच्या त्या दुकानात राज्य मालकीणबाईंचं. कापड बेतायच्या त्याच, गिऱ्हाइकाला झापायच्या त्याच, आणि सूनबाईचा टाका जरा तिरका गेला की तिच्या माहेराचा उद्धारही त्याच करायच्या. शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचता येई, तेवढंच. यजमान मात्र खिडकीपाशी बसून काजं-बटणं करायचे आणि उरलेला जन्म वाचनात घालवायचे.

पुस्तक संपलं की ते बेतायच्या टेबलाशी येऊन निकाल सांगत. समुद्रसफरीचं पुस्तक: "माणसं कमी, खारं पाणी जास्त." एका राजाचं चरित्र: "लढाया झाडून सगळ्या आहेत. बायकोला दीड ओळ." खुनाची कादंबरी: "खुनी कोण ते मला लगेच कळलं. पण लेखक बिचारा इतका जीव तोडून लपवत होता, की मी मुकाट्याने फसलो."

"पुरे, तो शर्ट घ्या आता हातात," मालकीणबाई म्हणायच्या. पण लग्न झाल्यापासून प्रत्येक निकाल आधी त्यांच्या कानावर पडला होता. हा मान त्यांनी सख्ख्या बहिणीलाही दिला नसता.

मग पलीकडच्या गल्लीत चष्मेवाली राहायला आली. ग्रंथालयातून निवृत्त झालेली. पडद्यांना झालर लावून घ्यायला आली आणि यजमानांच्या हातातलं पुस्तक बघून खुर्चीच ओढून बसली. तेव्हापासून ती पुस्तकं आणून देई, आणि यजमान निकाल तिच्यासाठी राखून ठेवू लागले. मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकाचा निकाल मालकीणबाईंना कळला तो सूनबाईकडून.

"मामंजी म्हणाले, लेखकाला माणसांपेक्षा माश्या जास्त कळतात, म्हणून पुस्तक गोड झालंय. त्या किती हसल्या, आई!"

"हसेल नाही तर काय? दात नवे बसवलेत, दाखवायला नकोत?"

बोलून गेल्या खऱ्या, पण त्या दिवशी एक बाही उलटी बेतली गेली.

पुढची कादंबरी उशीएवढी जाड होती. यजमान शेवटाशी येऊन पोचले, खूण घालून जेवायला वर गेले, आणि मालकीणबाईंनी ती उचलली. संपलीच नाही, तर निकाल कसला सांगतात तिला! कोटाची जाड सुई घेतली, आणि खुणेपासून शेवटापर्यंत पानाला पान जोडत कडा शिवून टाकल्या. त्यातही हाताची खोड जाईना: दोरा कागदाच्या रंगाशी जुळणारा निवडला, गाठ आत दडवली.

यजमान खाली आले आणि चष्मेवालीही तेव्हाच दारात.

"काय मास्तर, झाली का वाचून?"

यजमानांनी पुस्तक उघडलं. पान ओढून पाहिलं. मग टाक्यावरून बोट फिरवलं आणि टेबलाकडे बघितलं. मालकीणबाई खडूने रेघ मारत होत्या. कापड मात्र तिथे नव्हतंच.

"नाही हो बाई. शेवट शिलाईला गेलाय."

चष्मेवालीने वाकून पाहिलं, यजमानांशी हळूच काहीतरी बोलली आणि निघून गेली. यजमानांनी पुस्तक टेबलावर आणून ठेवलं.

"उसव."

"मी का?"

"ज्यानं शिवलं त्यानं उसवायचं. तूच सगळ्यांना सुनावतेस ना?"

मालकीणबाईंनी ओठ घट्ट मिटून उसवायला घेतलं. एक पान सुटलं की यजमान ते तिथेच उभ्याने मोठ्याने वाचत. मग स्टूल ओढून बसले. नायिका घर सोडून निघाली तेव्हा मालकीणबाईंचा हात थांबला. "थांबलीस का? दार उघडं ठेवून गेलीये ती," यजमान म्हणाले. मालकीणबाईंनी भराभर टाके तोडले.

पुस्तक संपलं. यजमानांनी चष्मा पुसला.

"शेवट फसलाय," ते म्हणाले. "शिवलेलाच बरा होता."

मालकीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात ढकललं.

"आणि मघाशी ती काय कुजबुजली तुमच्या कानात?"

"म्हणाली, टाका फार सुरेख आहे."

मालकीणबाईंनी कात्री उचलली.

"तिला काय कळतंय टाक्यातलं!"