विहिणीचं ताट

इंदूताईंच्या सरोजच्या लग्नात विहीणबाईंनी रागाने पुढचं ताट ढकललं, ते आजतागायत सरकतंच आहे. ढकलणाऱ्यालाही तेवढाच धक्का बसतो. ताट पश्चिमेला निघालं, तशा विहीणबाई पाटासकट पूर्वेला निघाल्या आणि त्यांच्याबरोबर अख्खी पंगत. ताट हलकं. ते परसातल्या मांडवातून माजघरात आणि माजघरातून पुढच्या दाराने रस्त्यावर गेलं. पंगत जड. ती परसातून नदीकडे, डोळ्याला कळणार नाही इतकी सावकाश सरकू लागली.

ताट कुणी अडवलं नाही. वाढणारे सगळे सोवळ्यात, आणि ताट उष्टं. नुसतं बोट लावलं असतं तरी पुरलं असतं, पण लोक पाय मागे घेऊन त्याला वाट देत राहिले. न अडवलेली वस्तू थांबत नाही, हे कऱ्हाडात तेव्हाही सर्वांना माहीत होतं.

काय थाट होता त्या मांडवाचा! आंब्याचे टाळे, वाळ्याचं पाणी, मठ्ठ्याला आल्याचा वास. विहिणीच्या भातावर तेवढं तूप पडलं नाही, असं बोललं गेलं. तूप वाढायला तारावन्सं होत्या, इंदूताईंची थोरली नणंद.

"मी वाढलं होतं," वन्सं अजूनही म्हणायच्या.

"मग त्या रुसल्या कशाला?"

"ते त्यांना विचार."

विचारून झालं होतं. इंदूताई रोज दुपारी पंगतीपाशी जाऊन बसत. विहीणबाई उठल्याशिवाय सरोजला उठता येत नव्हतं. शालूतच तिचे केस पांढरे झाले. इंदूताईंनी दुसरं ताट वाढून नेलं की विहीणबाई म्हणत, "हे माझं नव्हे. माझं येईल तेव्हा जेवीन."

येणार हे नक्की होतं. पृथ्वी गोल आहे. पश्चिमेला गेलेलं ताट पूर्वेकडून, नदीपलीकडून येणार, विहीणबाईंच्या पाठीला लागणार आणि धक्क्याला धक्का मिळून पंगत जागच्या जागी थांबणार. पण या वैशाखात पंगत काठाच्या टोकाला आली. सरोजच्या पाटाचा मागचा कोपरा पाण्यावर अधांतरी दिसू लागला.

तेव्हापासून तारावन्सं नदीवर येऊ लागल्या. कंबरेत वाकलेल्या, तरी पंगतीच्या पाठीमागे गुडघाभर पाण्यात उभ्या. उजवा हात पदराखाली.

"पदराखाली काय आहे, वन्सं?"

"हात."

"दाखवा बरं."

"तुला गं काय करायचंय माझ्या हाताशी?"

इंदूताई समजल्या. ताट आलं की भातावर तूप आहे की नाही ते साऱ्या गावाला दिसणार. वन्सं ते मधेच पकडणार. इंदूताईही पाण्यात उतरून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पदरावरून नजर काढेनात.

एका सकाळी ताट दिसलं. पैलतीराच्या उसातून निघून ते पाण्यावर आलं, जराही न डुचमळता. भाताची वाफ निघत होती. भात पांढरा की तुपाने पिवळा, ते इतक्या लांबून इंदूताईंना कळेना.

"आई, आलं का गं?" सरोजने मागे न बघता विचारलं.

"येतंय."

"पाट हलतोय माझा."

वन्संचा हात पदराबाहेर आला. हातात तुपाची पळी होती, काठोकाठ भरलेली.

"नुसतं वाढते," वन्सं म्हणाल्या. "ताटाला हात नाही लावत."

"म्हणजे तेव्हा नव्हतंच वाढलं!"

इंदूताईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. जेवढं ओढलं तेवढ्याच त्या वन्संकडे ओढल्या गेल्या. वाळूत पाय ठरेनात. पळीतलं तूप हललं नाही. दोघी एकमेकींना धरून सावकाश ताटाच्या वाटेत सरकू लागल्या.

"वाढा," विहीणबाई समोर बघतच म्हणाल्या.

"आई, बाजूला हो," सरोज म्हणाली.

इंदूताईंनी बाजूला व्हायला पाय रेटला. पायाखाली रेटायला काही नव्हतं.