पलीकडच्या टोकाचा गणपती

मित्रांनो, कॉलेजच्या मागच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली एक बाक आहे ना, एका अंगाने गुलाबी झालेला? तो बाक म्हणजे मी. आता मला बाक म्हणतात, पण जन्माने मी साधी फळी, ऐनाच्या लाकडाची. आज सकाळी शिपाई आला आणि माझ्यावर खडूने फुली मारून गेला. फुली मारलेलं सामान भंगारात जायचं आहे. नव्या इमारतीत चकचकीत लोखंडी बाकं आली तेव्हाच मी काय ते ओळखलं होतं. जाण्याआधी माझी हकीकत तेवढी ऐकून घ्या.

मी रोह्याकडच्या रानात वाढले. अजून डोळा लागला की मला पानांची सळसळ ऐकू येते. करवतीखालून निघून मी पेणला गोविंदाकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात आले. दोन लाकडी घोड्यांवर मला आडवं टाकायचे आणि माझ्यावर मूर्ती वाळायला ठेवायचे. पांढऱ्याशुभ्र, बिनडोळ्यांच्या मूर्ती. डोळे आखायचे ते अगदी शेवटी. तोवर सगळा कारखाना गाढ झोपेत असल्यासारखा वाटे. मलाही त्या झोपेची सवय झाली होती.

एका वर्षी विसर्जनानंतर त्या रिकाम्या छपराखाली कॉलेज भरू लागलं. आसपास दहावीनंतर शिकायची सोय नव्हती आणि काही हौशी मास्तरांपाशी जागा नव्हती. गोविंदाकाका म्हणाले, "मूर्तींचं काम सुरू होईतोवर बसा बापडे." मग माझ्यावर पोरंपोरी बसू लागली. माझ्या अंगात मुरलेला मूर्तींचा गुलाबी रंग त्यांच्या कपड्यांना लागायचा. एस. टी. स्टँडवर लोक हसायचे, "ही बघा गणपतीची पोरं!" मला मात्र फार बरं वाटे. मूर्ती कधी गुणगुणत नाहीत, पोरं गुणगुणतात.

पण मूर्ती वाढू लागल्या की जागा आटायची आणि श्रावणात कॉलेजला सुट्टी द्यावी लागायची. मुलगे सुट्टीनंतर परत येत. मुली बऱ्याचदा येत नसत. कुणाचं लग्न ठरायचं, कुणी घरकामात अडकायची. निडीहून आगगाडीने येणाऱ्या फरझानाने हे पाहिलं होतं. दुसऱ्या श्रावणात ती माझ्यावर बसली असताना गोविंदाकाका जवळ आले आणि तिला म्हणाले, "ऊठ गो, फळी लागतेय."

"काका, आता उठले तर कायमचीच उठेन," ती म्हणाली.

काका विरघळले. "बरं, अर्धी फळी तुझी, अर्धी गणपतीची. बस."

असं ते कॉलेज त्या श्रावणात मूर्तींच्या अधल्यामधल्या जागेत भरत राहिलं. गर्दी इतकी, की माझ्याखालच्या घोड्याही एकमेकींजवळ सरकवल्या होत्या आणि माझी दोन्ही टोकं अधांतरी होती. आणि तिथेच घोळ झाला. एके दुपारी फरझाना माझ्या एका टोकाला वाचत बसली होती. बाकीचे जेवायला गेलेले. कारागीर जनूने घाईघाईत ओल्या रंगाची एक जड मूर्ती माझ्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि तो टेम्पो भरायला पळाला. फरझाना जराशी उठली मात्र, मी तिच्या बाजूने वर आले. पलीकडे मूर्ती कलली. फरझाना झटकन खाली बसली. आता तिला हलता येईना. मित्रांनो, मीही जीव मुठीत धरून होते.

तेवढ्यात दारात तिचे वडील उभे राहिले. लतीफभाई कुवेतला नोकरीला असत आणि आदल्या दिवशीच रजेवर घरी आले होते. छपरातून गळणारं पाणी, चिखल, दाटी, सगळं त्यांनी पाहिलं. "हे कॉलेज हाय? नाव काढ इथनं. चल घरी."

फरझाना बसूनच राहिली.

"काय गो, ऐकू येत नाय?"

"अब्बा, उठले तर गणपती पडंल," ती रडवेली होऊन म्हणाली.

लतीफभाई वाकून माझ्याखाली बघू लागले, मग मूर्तीकडे. हात लावावा तर रंग ओला. तोवर पोरं परतली आणि गणिताच्या सुरभी मॅडमनी तास सुरू केला. फळ्यावर एक गणित होतं आणि ते कुणालाच सुटेना. "फरझाना, तू ये," मॅडम म्हणाल्या. ती वडिलांकडे बघत राहिली.

"जा," लतीफभाई म्हणाले. "मी बसतो."

ते बसत गेले तशी ती उठत गेली. मी तसूभर हलले नाही. फरझानाने गणित सोडवलं, वर्गाला समजावून सांगितलं, आणि तिचे वडील पलीकडचा गणपती सांभाळत ते सगळं ऐकत होते. इतक्या वर्षांत लेकीला इतका वेळ असं पाहायला त्यांना सवडच झाली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले होते. मी इतकी जवळ होते म्हणून मला कळलं.

निडीजवळच्या माळावर बंगला बांधायचं त्यांचं फार जुनं स्वप्न होतं. तो माळ त्यांनी कॉलेजला दिला. "घर काय, मागाहून बघू," म्हणाले. आधी तिथे पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, मग ग्रंथालय, मग प्रयोगशाळा. गोविंदाकाकांनी मला खाली भक्कम पाय ठोकून माळावर पाठवलं. डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांची पोरं, शेतकऱ्यांची, मिठागरवाल्यांची, किती माझ्यावर बसून गेली! मग नवी इमारत झाली आणि मी इथे बदामाखाली आले. इथे आता कुणी फारसं बसत नाही.

लतीफभाई मात्र रोज येतात. त्यांना आता बरंचसं आठवत नाही. आज संध्याकाळी ते माझ्यावर बसले होते. फरझाना आता इथेच गणित शिकवते. तास संपवून ती त्यांना न्यायला आली.

"चला अब्बा, घरी."

ते हलले नाहीत. माझ्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "मी उठलो तर तो पडंल."

मित्रांनो, तिथे काय होतं? बदामाची दोन वाळकी पानं आणि खडूची फुली.

फरझाना पलीकडे गेली, खाली वाकली आणि माझं ते टोक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"धरलाय मी, अब्बा. तुमी उठा सावकाश."

ते उठले. दोघं फाटकाकडे निघाली. माझ्यावरची फुली तिच्या तळहाताने पुसून गेली होती. मला भंगारात न्या की ठेवा, तुमची मर्जी. पण कुठल्याही बाकावरून उठाल ना, तेव्हा एकदा पलीकडच्या टोकाला बघत जा.