अठ्ठावन्न डिग्रीतली थंडी

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. हर्नडनच्या एका टाउनहाउसमध्ये, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर राहतो. घर किती गरम ठेवायचं, हे मी हीटरला सांगतो. वय म्हणाल तर जेमतेम चार वर्षं. पण अमेरिकेत यंत्रं लवकर म्हातारी होतात हो!

२००४ साली केदारने मला निवडलं. निवडलं कसलं, स्वयंवरच मांडलं होतं! बारा थर्मोस्टॅटची एक्सेल शीट केली. बटणं किती, प्रोग्रॅम किती, वॉरंटी किती... मी पहिला आलो. भिंतीवरचा गोल चकतीचा बिचारा म्हातारा गेला कचऱ्यात आणि मी मिरवू लागलो.

"सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अठ्ठावन्न," केदारने मला शिकवलं. "घरात कोणी नसतं, उगाच कशाला जाळायचं?"

पुढच्याच जानेवारीत नागपूरहून त्याचे बाबा, त्र्यंबकराव, सहा महिन्यांसाठी आले. माझा प्रोग्रॅम बदलायचं मात्र कोणाला सुचलं नाही. केदार आणि त्याची बायको शुभा ऑफिसला निघाले, की मी इमानेइतबारे घर गार करायचो.

बाबा स्वेटर घालायचे, त्यावर कोट, वर कानटोपी. मग माझ्यासमोर येऊन आकडा वाचायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा. मला कळेचना, हे मलाच का घाबरतात? बोलता आलं असतं तर विचारलं असतं.

पंधरा दिवसांनी ते जेवताना म्हणाले, "केदार, माझं तिकीट अलीकडचं करून दे."

"का बाबा? आमचं काही चुकलं का?"

"नाही रे. घरची आठवण येते."

केदारने ताट बाजूला सारलं. मलाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडू लागला, म्हणून शुभा दुपारीच परतली. बघते तो काय, बाबा कोट घालून सिंकपाशी उभे, गरम पाण्यात घासलेलीच भांडी पुन्हा घासताहेत!

"बाबा, हे काय? डिशवॉशर आहे ना!"

"हात जरा शेकून निघतात." मग त्यांनी नळ बंद केला. "शुभा, केदारला सांगू नकोस. मला काहीतरी मोठं दुखणं लागलंय. नागपूरच्या सत्तेचाळीस डिग्रीत आयुष्य काढलं, आणि इथे तुम्ही अठ्ठावन्नवर ठेवता, तरी मी कुडकुडतो. इथल्या डॉक्टरच्या भानगडीत तुम्हाला कशाला पाडू?"

शुभाने कपाळावर हात मारला. "अहो बाबा, हे फॅरनहाइट आहे! आपल्या सेल्सियसमध्ये फक्त चौदा!"

"चौदा?" बाबा मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे मी ठणठणीत आहे?" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शुभाचेही डोळे भरले. लगेच तिने मला बहात्तरवर नेलं, वरच्या बटणाखाली 'गरम' अशी चिठ्ठी चिकटवली आणि बाबांच्या बोटाने ते दाबून घेतलं. तिकिटाचा विषय तिथेच संपला.

यंदा, २००८ मध्ये, बाबा पुन्हा आलेत. परवा केदारने लॅपटॉपवर थर्मोस्टॅटची नवी शीट उघडली, तेव्हा मला कचऱ्यात गेलेला तो गोल म्हातारा आठवला. पण पहिला रकाना वाचून बरं वाटलं: 'दिवसभर घरी कोण असतं?' मित्रांनो, आम्हा यंत्रांपैकी कोणालाही घरी आणताना आधी एवढंच विचारा. बटणं नंतर मोजा.

बाबांनी शीटमध्ये डोकावून पाहिलं आणि मला हलकेच थोपटलं.

"हाच राहू दे रे. माझं दुखणं यानेच बरं केलं."

ते दुखणं दिलं होतं मीच. पण बाबांनी ते कधी मनात ठेवलं नाही.